उजव्या खांद्यावरचा भोवरा

लॅपटॉप घरात आला त्या दिवशी मी तीन वेळा खोटं बोलले. सासूबाईंना सांगितलं, शाळेने दिलाय. सासऱ्यांना सांगितलं, शाळेने दिलाय. शेजारच्या काकूंनी विचारलं तोवर चांगला सराव झाला होता, त्यामुळे त्यांना म्हणाले, शाळेने बळंच गळ्यात मारलाय, मी तर नको नको म्हणत होते. नवऱ्याला खरं माहीत होतं, पण त्याने पहिल्याच दिवशी हात झटकले. "मला यात ओढू नकोस," म्हणाला आणि सेकंड शिफ्टला कंपनीत निघून गेला.

शाळा द्यायला बसलीय! मी शिरूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शाळेने मला आजवर एक डस्टर दिलंय, एक मोडकी फूटपट्टी दिलीय आणि एका कपाटाची किल्ली दिलीय. ते कपाट किल्लीशिवायच उघडतं. लॅपटॉप मी माझ्या पगारातून साठवून घेतला होता, आणि तोही साधासुधा नाही. त्याचा पडदा मागे पूर्ण वळायचा, वळला की शाळेच्या पाटीसारखा व्हायचा, आणि त्यावर पेनाने थेट चित्र काढता यायचं. शिवाय तो 'वेगळ्या ग्राफिक्सचा' होता. वेगळं ग्राफिक्स म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझं माहेर दौंडचं. तिथल्या दुकानात माझा धाकटा भाऊ शेजारी उभा राहून म्हणाला, "ताई, घ्यायचा तर वेगळ्या ग्राफिक्सचाच घे. तुझी चित्रं अडकणार नाहीत." आधी ती कुठे अडकत होती हे मी विचारलं नाही. पुढे दिवाळीत तो आमच्याकडे आला आणि ओसरीवर बसून दोन दिवस माझ्या लॅपटॉपवर मोटारींच्या शर्यती खेळला, तेव्हा वेगळं ग्राफिक्स कुणासाठी घेतलं होतं ते कळलं.

खोटं बोलायचं कारण म्हणजे मामा. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. गाव मात्र मामांना आबा म्हणतं. आमच्या वडगाव रासाईत बैलांचा नाद असलेली जी पिढी होती, तिच्यातले मामा. शेतात ऊस आहे, दारात ट्रॅक्टर आहे, पण मामांची सगळी मापं बैलांची. घरात फ्रीज आला तेव्हा ते म्हणाले, एवढ्यात एक खोंड आला असता. मोटरसायकल आली तेव्हा चांगला खोंड आला असता. माझ्या लॅपटॉपात बहुतेक जोडी आली असती, आणि ती जोडी मला जन्मभर ऐकवली गेली असती.

शाळेचा आहे म्हटल्यावर मात्र मामांनी त्याची मोकळ्या मनाने पाहणी केली. बाजारात जनावर बघतात तशी. आधी चारी बाजूंनी फिरून बघितलं. मग उचलून वजन घेतलं. खाली वळवून रबराचे पाय मोजले. पाठीवर हात ठेवला आणि दचकले.

"गरम लागतंय की गं. ताप हाय का ह्याला?"

"मामा, आत ग्राफिक्स कार्ड आहे. काम पडलं की तापतं."

तेवढ्यात आतला पंखा सुरू झाला. मामांनी कान लावून ऐकलं.

"धापतंय बी," ते म्हणाले. "शाळेनं म्हातारं दिलं तुला. परत कर."

आत्यांची आणि लॅपटॉपची पहिली भेट याहून वाईट झाली. मी पडदा मागे मागे वळवत पार पाठीला टेकवला आणि स्वयंपाकघरातून आत्या ओरडल्या, "मोडलं! अगं बया, शाळंचं मोडलंस!" त्यांना बिजागरीचा प्रकार समजावून सांगायला मला तीन वेळा तो उलटासुलटा करून दाखवावा लागला. तरीही पुढे कितीतरी दिवस मी पडदा वळवला की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

इथे आरशाचंही सांगायला हवं. चित्र काढताना आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, डोळा सरावतो. म्हणून चित्र आरशात धरून बघायचं. उलटं दिसलं की वाकडा डोळा, आखूड पाय लगेच टोचतो. लॅपटॉप येण्याआधी मी यासाठी मामांचा दाढीचा आरसा पळवायचे. तो ओसरीच्या खांबावर खिळ्याला टांगलेला असायचा. मामा दाढी आठवड्यातून दोनदाच करत, सोमवारी आणि शिरूरच्या बाजाराच्या दिवशी, पण नेमका त्याच दिवशी आरसा माझ्या टेबलावर असायचा. फेसाने भरलेल्या गालांनी ते दारात येऊन उभे राहत. "आरसा," एवढंच म्हणत. लॅपटॉपमध्ये या कामाला बटण होतं. दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं, पुन्हा दाबलं की सुलटं. घरात लॅपटॉप आल्याचा पहिला फायदा मामांच्या दाढीला झाला.

पुढच्या श्रावणात माझं बिंग फुटलं. लॅपटॉपच्या खोक्यात आत्यांनी कुरडया भरून ते माळ्यावर ठेवलं होतं. असं छान पुठ्ठ्याचं खोकं आमच्या घरात रिकामं राहत नाही. मामांना कुरडईची हुक्की आली, ते शिडी लावून वर चढले, आणि कुरडयांच्या खाली त्यांना बिल सापडलं. मी शाळेतून आले तेव्हा ते ओसरीवर कुरडई खात बसले होते. बिल मांडीखाली होतं.

"शाळा कुठं हाय तुझी?" त्यांनी विचारलं.

"शिरूरला, मामा."

"व्हय ना?" मांडीखालचं बिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "मग ह्यो शिक्का कुठला?"

बिल इंग्रजीत होतं, पण दुकानाचा शिक्का मराठीत होता, आणि त्यात दौंड हा शब्द चांगला ठसठशीत उमटला होता.

"शिरूरची शाळा माल घ्याया दौंडात गेली व्हय? ती बी तुझ्या माहेरच्या पेठंत?" कुरडईचा तुकडा मोडत मामा म्हणाले.

मी मान खाली घातली. मामांनी बिलाची बारीक घडी केली, बंडीच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला.

"तुझ्या आत्याला सांगत न्हाई मी," ते म्हणाले. "पण माझं एक काम करायचं."

काम म्हणजे बैल.

आमच्या गोठ्यात एक म्हातारा खिल्लार होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते मामांखेरीज कुणी उच्चारलेलं त्याला आवडत नसे. मामांनी तो तीन वर्षांचा असताना आणला, आणि ऐन जवानीत तो बैलगाड्याच्या शर्यतीत असा पळायचा म्हणे की त्याच्या मागची धूळ बसायच्या आत तो थांबलेला असायचा. त्याच्या जोडीचा दुसरा बैल शर्यती बंद पडल्या त्या वर्षांत विकला गेला. हा राहिला. आता वीसच्या पुढे होता, बरगड्या मोजून घ्याव्यात, दात झिजलेले, खाद्य भिजवून द्यावं लागायचं. गुरांच्या डॉक्टरांनी मामांना स्पष्ट सांगितलं होतं की हा पावसाळा काढला तरी खूप.

"मोबाइलमधी ढीग फोटू हायती त्याचे," मामा म्हणाले. "पण समदे म्हातारपणचे. तरणा असतानाचा एकच हाय."

तो फोटो त्यांनी पाकिटातून काढून दाखवला. त्यात धूळ होती, तीन माणसांचे पाय होते, एक हवेत उडालेली टोपी होती आणि कडेला एक शेपूट होतं.

"ह्यो त्यो," शेपटाकडे बोट दाखवून मामा म्हणाले.

मला हसू आलं. पण मामा हसत नव्हते.

"मला त्यो तरणा काढून दे. त्यो हाय तवरच काढ, म्हंजी समोर बघून मला सांगता यील. गेला की मला ह्योच दिसत ऱ्हाईल बघ, हाडांचा. तरणा इसरून जाईन मी." मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "आन् पोळ्याला दारात लावायचाय. मोठा. न्हाईतर बिल हाय माझ्यापाशी."

असं मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात दांडगं गिऱ्हाईक मिळालं.

रोज शाळा सुटली की शिरूरहून स्कुटीवर घरी, चहा, आणि मग मी आणि मामा गोठ्यात. मी पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसायचे, लॅपटॉपची पाटी मांडीवर. मामा गव्हाणीला टेकून उभे राहायचे. बैल बसलेला असायचा आणि आमच्या दोघांकडे, ही रिकामटेकडी माणसं कोण, अशा नजरेने बघायचा. समोर हाडं होती आणि मामा सांगायचे ते मांस मी त्यावर चढवायचं, असं ते काम होतं.

"शिंगं अशी न्हाईत. फाकव जरा. बास, बास, म्हैस झाली!"

"वशिंड लहान झालं."

"गळ्याखालची पोळी एवढी लोंबत नव्हती. तरण्या बैलाची पोळी हाय ती, सासूबाईचा पदर न्हाई."

मी खोडायचे, पुन्हा काढायचे. खोडायला रबर लागत नाही, दोन बोटांनी पडदा टिचकावला की शेवटची रेघ परत जाते, हे मामांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं आणि ते चाटच पडले. त्यांनी माझ्याकडून पाच-सहा वेळा रेघ मारून घेतली आणि स्वतः टिचकावून घालवली. मग म्हणाले, "हे लई भारी हाय. केलेलं मागं घ्यायचं." आणि जरा थांबून, गोठ्यातल्या दुसऱ्या रिकाम्या खुंटीकडे बघत, "त्यो दुसरा नको इकाया पायजे व्हता," असं म्हणाले. मी बैलाचा कान नीट करत बसले.

एका आठवड्यात बैल उभा राहिला. उजव्या अंगाने काढलेला, तोंड उजवीकडे, मान उचललेली, पुढचा एक खूर जमिनीवर टेकतोय न टेकतोय असा. मलाच तो आवडायला लागला होता. फक्त एक गोष्ट काही केल्या जमेना, ती म्हणजे भोवरा. बैलाच्या उजव्या खांद्यावर केसांचा एक भोवरा होता. मामांच्या शास्त्रात या भोवऱ्यावर सगळं होतं.

"उजव्या खांद्यावर भोवरा म्हंजी घरात लक्षुमी. डाव्या खांद्यावर असता तर बाजारात कुणी त्याच्या कासऱ्याला हात लावला नसता. मी तर न्हाईच."

मी भोवरा काढला की मामा म्हणायचे, ह्यो पाण्यातला भोवरा झाला. पुन्हा काढला की म्हणायचे, ही जिलबी झाली. नवव्या वेळी मी चिडले. पेन त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच काढा!"

मला वाटलं होतं ते पेन परत देतील. त्यांनी हात धोतराला पुसला. पेन अंगठा आणि दोन बोटांत धरलं. हे पेन दाबलं की रेघ जाड उमटते आणि हलकं धरलं की बारीक, हे शिकवायला मला शाळेतल्या पोरांना तास घ्यावा लागला असता. मामांना काहीच शिकवावं लागलं नाही. त्यांनी आयुष्यभर उपरण्याखाली हात घालून, समोरच्याची बोटं दाबून बैलांचे सौदे केलेले. कुठे किती जोर द्यायचा ते बोटांना आधीच ठाऊक होतं. उठून ते बैलापाशी गेले, डाव्या हाताने त्याच्या खांद्यावरचा भोवरा चाचपला, आणि तो हात तिथेच ठेवून उजव्या हाताने, मी धरलेल्या पडद्यावर, एका दमात भोवरा काढला. तो अगदी बरोबर होता. मी दोन दिवस त्याला हात लावला नाही.

चित्र पुरं झालं त्या रविवारी मामांना एक लहर आली. म्हणाले, "त्याला दाखवूया."

"कुणाला?"

"ज्याचं हाय त्याला."

मी लॅपटॉप तंबूसारखा उभा करून बैलासमोर धरला. बैलाने आधी हुंगलं. पंखा नेमका सुरू झाला, त्याने कान टवकारले. मग त्याची हातभर जीभ बाहेर आली आणि पडद्यावरून खालून वर, एकदा आणि पुन्हा एकदा, फिरली. मी किंचाळले. पडदा बोटाच्या स्पर्शाने चालतो तसा जिभेनेही चालतो, ही माहिती कुठल्याच दुकानदाराने दिली नव्हती. चित्रावर दहा-बारा रेघा उमटल्या, रंगांची पेटी उघडली, चित्र मोठं झालं, लहान झालं, कडेची बटणं टकाटका दाबली गेली. मामा हसून हसून गव्हाणीत बसले. "सही केली त्यानं!" म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, म्हणून मीही रागावायचं सोडून हसायला लागले.

पदराने पडदा पुसला. टिचकावून टिचकावून सगळ्या रेघा मागे घेतल्या. मग चुका बघायला चित्र उलटं केलं, सुलटं केलं, शिंगाचं टोक सुधारलं, पुन्हा उलटं, पुन्हा सुलटं. दोन आठवडे तेच करत होते, बैलाचं तोंड कुठल्या बाजूला चांगलं दिसतं आणि कुठल्या बाजूला खरं आहे, यातला फरक माझ्या डोळ्यांतून कधीच निघून गेला होता. बॅटरी संपत आली होती, वेगळं ग्राफिक्स ती घटाघट पिऊन टाकतं. मी घाईघाईने चित्र शिरूरच्या फ्लेक्सवाल्याला पाठवून दिलं.

पोळ्याला तीन दिवस राहिले असताना बैल गेला. सकाळी मामा भिजवलेली पेंड घेऊन गोठ्यात गेले आणि ती घमेल्यात तशीच घेऊन परत आले. रडले नाहीत. भावकीतल्या चार माणसांना बोलावलं, बांधावरच्या लिंबाखाली त्याला पुरलं, अंघोळ केली आणि ओसरीवर बसून राहिले. जेवायला दोनदा बोलावलं तेव्हा उठले. मला फार वाईट वाटत होतं, आणि तेवढंच बरंही वाटत होतं की चित्र वेळेत झालं. त्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "आणशील ना उद्या?"

फ्लेक्स मी दुसऱ्या दिवशी आणला. नवऱ्याने तो ओसरीच्या भिंतीवर, खांबाच्या समोर, चारी बाजूंनी खिळे ठोकून ताणून लावला. सहा फूट लांब बैल. आत्यांनी हळदकुंकू लावलं, हार घातला. मामा लांब उभं राहून बघत होते. जवळ गेले नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल. चूक दिसली तरी मामा तेव्हा बोलले नसते, हे मला आज कळतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी इनामगावचे अप्पा आले. अप्पा हे मामांचे जुने मित्र आणि शर्यतीतले त्याहून जुने वैरी. बैल गेला हे कळल्यावर भेटायला आले होते. ओसरीत आणखीही चौघे-पाच जण बसले होते. अप्पांनी टोपी काढली, चित्रासमोर उभे राहिले, मान डोलावली. मग मान तिथेच थांबली.

"आबा," ते म्हणाले, "बैल झ्याक हाय. पण ह्यो तुझा न्हवं."

"का रं?"

"भोवरा डाव्या खांद्यावर हाय ह्याच्या."

ओसरीवरचे सगळे उठून चित्रापाशी आले. मीही आले. आणि मला दिसलं. तोंड डावीकडे, डावं अंग, डाव्या खांद्यावर मामांच्या हातचा तो भोवरा. अख्खा बैल आरशातला. मी उलटा पाठवला होता. ज्या खुणेसाठी मामांनी जन्मात पहिल्यांदा चित्राला हात लावला, तीच खूण मी अशुभ करून सहा फुटांवर छापून दारात लावली होती, आणि ज्याचं चित्र होतं तो आता तपासायला गोठ्यातही नव्हता. तोंडातून शब्द फुटला तो पण असा फुटला की मला अजून लाज वाटते.

"त्यानेच केलं, मामा," मी म्हणाले. "त्याने जीभ लावली ना, तेव्हा बटण दाबलं गेलं असणार."

मामांनी माझ्याकडे बघितलं.

"मुक्या जनावरावर ढकलू नको," ते म्हणाले. आणि मग त्यांची मिशी हलली. "दाबलं बी आसंल म्हणा. लई आगाऊ व्हता."

सगळे हसले. अप्पांना मात्र एवढ्यावर सोडायचं नव्हतं.

"आमच्या इनामगावात हजारो वरसांमागं माणसांनी मातीचा बैल केला व्हता, उकरल्यावर सापडला," ते म्हणाले. "त्यांच्यापाशी पेन नव्हता का काय नव्हता. आन् हितं शाळंनं एवढं यंत्र दिलंय तरी बैल उलटा. फुकटात मिळालेल्या वस्तूचं आसंच असतंय."

"फुकटचं न्हाई त्ये," मामा म्हणाले. आवाज चढला होता. "माझ्या सुनंनं सोताच्या पैशानं घेतलंय. दौंडातनं. बिल हाय माझ्यापाशी." आणि त्यांनी खरोखरच बंडीच्या खिशातून ती बारीक घडी काढून अप्पांच्या हातात ठेवली.

स्वयंपाकघरात पुरणपोळी लाटायचं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता आपण मेलो. आत गेले तर आत्या पोळी तव्यावर टाकत होत्या.

"आत्या, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"मला ठावं हाय," त्या मागे न बघता म्हणाल्या. "कुरडया भरताना बिल मीच तळाला घातलं व्हतं. म्हनलं ऱ्हाऊ दे, कवातरी आपल्याला बी काम पडल." पोळी उलटवून झाल्यावर त्यांनी ते काम सांगितलं. त्यांच्या आईचा एकही फोटो नव्हता. तिचं चित्र काढायचं काम आता माझ्या अंगावर आहे, आणि आत्या मामांपेक्षा जास्त चुका काढतात.

त्या संध्याकाळी मी चित्र सुलटं केलं. एक बटण दाबायचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपची पाटी करून ओसरीवर गेले. मामा खांबापाशी उभे होते, गालांना फेस, हातात वस्तरा. वार दाढीचा नव्हता.

"मामा, हे बघा, सरळ केलं. आजच शिरूरला टाकते, संध्याकाळी नवीन येईल."

त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलंच नाही. "हितं ये," म्हणाले. "माझ्या अंगाला उभी ऱ्हा. आन् ह्यात बघ."

मी त्यांच्याजवळ जाऊन खांबावरच्या त्या छोट्या आरशात बघितलं. पुढे मामांचा अर्धा चेहरा, फेसाचा. आणि त्यांच्या खांद्यामागे भिंतीवरचा बैल. आरशात तो उजव्या अंगाने उभा होता, तोंड उजवीकडे, मान उचललेली, आणि भोवरा उजव्या खांद्यावर. कान, शिंगं, सगळं जसं गोठ्यात मामांनी सांगितलं होतं तसं.

"मामा, पण लोक बघतात तेव्हा उलटाच दिसणार ना. अप्पा पुन्हा बोलतील."

"बोलू दे. त्यांच्यासाठी काढलाय व्हय?" वस्तरा आरशाच्या काचेवर हलकेच टेकवून ते म्हणाले, "कासरा धरून चाललं की बैल मागं असतो, पोरी. म्होरं नसतो. समदं त्याचं आयुष्य मी त्याला आसाच बघितलाय, मान वळवून. नवा आणू नको."

मी लॅपटॉप मिटला. मामा आरशाकडे वळले आणि राहिलेली दाढी करू लागले, अगदी सावकाश.

पूर्वी ते आठवड्यातून दोनदा दाढी करायचे. आता रोज करतात.